फायरवॉल (घरगुती राउटरमधील)

घरातले मोबाइल, टीव्ही, कॅमेरे एका बाजूला आणि इंटरनेट दुसऱ्या बाजूला, यांच्यामध्ये बसून कशाला वाट द्यायची व कशाला अडवायचे हे ठरवणारी राउटरमधील नियमावली. तिचा पाया एकाच नियमावर आहे: आतून जे मागितले त्याचे उत्तर येऊ द्यावे, बाहेरून आपणहून आलेले परतवावे. ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ पानावरची पोर्ट फॉरवर्डिंग, डीएमझेड, यूपीएनपी ही नावे भारदस्त वाटतात. पण ती सारी या नियमाला पाडलेली भगदाडे आहेत. म्हणून या पानावर जाणत्याचे काम बहुतांशी बंद करण्याचे असते. पण धोका आतूनही येतो, हे बीदरच्या किल्ल्याने दाखवले. त्याला खडकात खोदलेला तीनपदरी खंदक आहे. १६५७ मध्ये औरंगजेबाच्या फौजेने तो बुजवत आणला, बुरुजांवर तोफा डागल्या. तरी निकाल लागला तो आतला दारूसाठा पेटून किल्लेदार सिदी मरजान होरपळल्यावर.

राउटरमागचा असा दारूसाठा म्हणजे बहुधा कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणारा डीव्हीआर. बसवकल्याण किंवा आळंदच्या दुकानदाराला घरी बसून गल्ला मोबाइलवर पाहायचा असतो. बसवणारा माणूस १९२.१६८.१.१ उघडतो, डब्याखालच्या स्टिकरवरचा पासवर्ड टाकतो, डीव्हीआरचा पत्ता डीएमझेडमध्ये भरतो आणि चहा पिऊन जातो. त्या घटकेपासून डीव्हीआरपुरती फायरवॉल उरत नाही. यूपीएनपी चालू असेल तर माणसाचीही गरज नाही. यंत्र स्वतःच राउटरला दार उघडायला सांगते, आणि राउटर विचारत नाही.

‘आमच्याकडे चोरण्यासारखे आहे काय?’ हा नेहमीचा आक्षेप. २०१६ च्या ‘मिराई’ या घातक प्रणालीने काही चोरले नाही. कारखान्यातून आलेले साठेक पासवर्ड आलटूनपालटून वापरून तिने कॅमेरे, डीव्हीआर व राउटर वेठीला धरले आणि २१ ऑक्टोबरला साइटची नावे पत्त्यांशी जोडून देणाऱ्या डाइन कंपनीवर मारा करून अमेरिकेतल्या मोठमोठ्या साइट बंद पाडल्या. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. अनेक पुरवठादार शेकडो ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ठेवतात. राउटरचा इंटरनेटकडचा (वॅन) पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांत सुरू होत असेल तर बाहेरचा माणूस पोचणार कसा? आयपीव्ही४ पुरते हे खरे, आणि अशा जोडणीवर पोर्ट फॉरवर्डिंग चालतही नाही. पण आयपीव्ही६ मध्ये प्रत्येक यंत्राला स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळतो. तिथे हा आयता आडोसा राहत नाही, राउटरची आयपीव्ही६ फायरवॉल चालू आहे की नाही एवढेच उरते. पत्ता झाकणे आणि वाट अडवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

नेटवाल्यावर सोडून द्यावे, हेही पुरते पटत नाही. नोव्हेंबर २०१६ मध्ये जर्मनीत डॉइश टेलिकॉमच्या सुमारे नऊ लाख ग्राहकांचे राउटर कोलमडले, ते राउटर दुरून सांभाळण्यासाठी ठेवलेल्या ७५४७ या पोर्टवर झालेल्या हल्ल्याने. भालकी-औरादकडे केबलवाल्याने दिलेल्या डब्याचा ताबा त्याच्याकडेच असतो हे मान्य. तरी अ‍ॅडमिन पासवर्ड बदलून मागता येतो, वॅनकडून होणारे व्यवस्थापन, डब्ल्यूपीएस व यूपीएनपी बंद करून घेता येतात, आणि कॅमेरे गेस्ट नेटवर्कवर टाकले तर हॅक झालेला कॅमेरा घरच्या संगणकापर्यंत सहसा पोचत नाही. कंपनीने नवे फर्मवेअर देणे थांबवलेला राउटर मात्र कितीही नीट लावला तरी ठेवू नये, तो बदलावा.