टीसीपी संपर्कातील टायमर व त्यांच्या मूल्यांची पडताळणी

इंटरनेटवर टीसीपी नियमावलीनुसार जोडलेला संपर्क बराच काळ निःशब्द राहू शकतो. त्या अवधीत पलीकडचा संगणक अचानक बंद पडला, तरी अलीकडच्या संगणकाला ते आपोआप कळत नाही. मृत झालेले असे संपर्क सर्व्हरची स्मृती अडवून ठेवतात. ते ओळखण्यासाठी ऑपरेटिंग सिस्टीममध्ये ‘कीप-अलाइव्ह’ ही सोय असते.

लिनक्समध्ये तिची तीन मूल्ये आहेत. संपर्क ७,२०० सेकंद शांत राहिल्यास चाचणी-संदेश पाठवला जातो; उत्तर न आल्यास दर ७५ सेकंदांनी तो पुन्हा पाठवतात; ९ संदेश निष्फळ ठरल्यावर संपर्क तोडला जातो. म्हणजेच मृत संपर्क ओळखण्यास सुमारे २ तास ११ मिनिटे लागतात. ही सोय मुळात बंद असावी आणि शांततेचा मूळ अवधी दोन तासांहून कमी नसावा, असा दंडक १९८९ मधील आरएफसी ११२२ या दस्तऐवजात आहे.

अ‍ॅप्लिकेशनला आपल्या संपर्कापुरती ही मूल्ये बदलता येतात. मात्र कर्नल ती आधी तपासतो. दोन्ही अवधी १ ते ३२,७६७ सेकंद आणि चाचण्यांची संख्या १ ते १२७ या मर्यादेत असावी लागते. अन्यथा ‘अवैध मूल्य’ अशी त्रुटी परत येते व जुने मूल्य कायम राहते.

खालची मर्यादा नसेल, तर शून्य अवधीचा टायमर विनाविराम वाजत राहील. वरच्या मर्यादेचे कारण अंकगणितात आहे. कर्नल सेकंदांचे रूपांतर ‘जिफी’ या अंतर्गत एककात करतो. सेकंदाला १,००० जिफी धरल्यास ३२ बिटांच्या चिन्हांकित पूर्णांकात सुमारे २४.८ दिवसच मावतात. त्यापुढे गुणाकार ओसंडून उत्तर ऋण होऊ शकते. म्हणून तपासणी गुणाकारापूर्वीच व्हावी लागते.

मर्यादेत बसणारे मूल्य योग्यच असते असे नाही. पाठवलेल्या माहितीची पोच किती काळ पाहावी हे ठरवणारा ‘यूजर टाइमआउट’ लिनक्समध्ये मिलिसेकंदांत द्यावा लागतो, तर कीप-अलाइव्हचे अवधी सेकंदांत. तेथे ३० सेकंदांच्या हेतूने केवळ ‘३०’ लिहिल्यास कर्नल ते निमूटपणे स्वीकारतो आणि चांगले संपर्कही तुटू लागतात. एककाची ही चूक कोणतीही मर्यादा-तपासणी पकडू शकत नाही. ती जबाबदारी प्रोग्राम लिहिणाऱ्याचीच राहते.