केन केनेडी आणि न चाललेली भाषा

कंपायलरवर पीएचडी करायची म्हणणाऱ्यांना मी आधी एक इतिहासाचा पेपर वाचायला सांगते: 'द राइज अँड फॉल ऑफ हाय परफॉर्मन्स फोरट्रान', 2007. लेखक केन केनेडी, चार्ल्स कोएल्बेल आणि हान्स झिमा. गंमत म्हणजे ही भाषा घडवण्यात हे तिघेही होते. आपलं काम का फसलं, हे त्यांनी स्वतःच लिहिलंय.

केनेडी राइस विद्यापीठात गणित शिकले. 1971 मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठातून डॉक्टरेट घेऊन राइसलाच परतले आणि शेवटपर्यंत तिथेच राहिले. त्यांचा मूळ प्रश्न साधा होता: लूपच्या फेऱ्या एकदम चालवता येतील का? ए(आय) = ए(आय-1) + बी(आय) असेल तर नाही, कारण प्रत्येक फेरीला मागच्या फेरीचं उत्तर लागतं. पण उजवीकडे ए(आय+1) असेल तर? मग प्रत्येक फेरी जुनीच किंमत वाचते, म्हणजे आधी सगळं वाचून मग सगळं लिहिलं तरी चालतं. हा फरक कंपायलरने स्वतः ओळखायचा. रँडी ॲलन या विद्यार्थ्याबरोबर त्यांनी त्यासाठी पीएफसी नावाची प्रणाली बांधली. त्यावरचा 1987 चा पेपर आजही वाचण्यासारखा आहे.

मग स्वतंत्र मेमरी असलेल्या शेकडो प्रोसेसरची यंत्रं आली. हाय परफॉर्मन्स फोरट्रानमध्ये (पहिली आवृत्ती 1993) प्रोग्रामरने ॲरे कसा वाटायचा एवढंच सांगायचं. निरोपांची देवाणघेवाण कंपायलर बघेल. कागदावर सुंदर! पण सुरुवातीचे कंपायलर कच्चे होते. एकच प्रोग्राम एका यंत्रावर पळायचा, दुसऱ्यावर रखडायचा, आणि का रखडला ते कळायचं नाही. 1994 मध्ये एमपीआय आलं. त्यात निरोप हाताने लिहायचे, काम किचकट, पण लगाम आपल्या हातात. शास्त्रज्ञ तिकडे वळले. मला वाटतं, कंपायलर पिकायला लागणारा वेळ कुणीच धरला नव्हता. कारण 2002 मध्ये जपानच्या अर्थ सिम्युलेटरवर याच भाषेतल्या प्लाझ्माच्या प्रोग्रामने 14.9 टेराफ्लॉप्स गाठले आणि गॉर्डन बेल पुरस्कार मिळवला. तोवर अमेरिकेतले बहुतेक वापरकर्ते निघून गेले होते.

ॲरे वाटण्याची कल्पना मात्र पुढे चॅपेलसारख्या भाषांमध्ये शिरली. पेपर जून 2007 मध्ये परिषदेत मांडला गेला. केनेडी फेब्रुवारीतच गेले होते.