बेसबॉल सिम्युलेशन खेळांतील ऐतिहासिक सांख्यिकीय समायोजन

बेसबॉल सिम्युलेशन खेळांतील ऐतिहासिक सांख्यिकीय समायोजन म्हणजे संगणकावर किंवा फासे व पत्ते वापरून खेळल्या जाणाऱ्या आभासी बेसबॉलचे निकाल एखाद्या विशिष्ट काळातील प्रत्यक्ष बेसबॉलशी जुळावेत, यासाठी खेळातील आकडे ठरवण्याची पद्धत होय. संपूर्ण लीगची पातळी आणि प्रत्येक खेळाडूचे कौशल्य या दोन गोष्टी त्यात वेगळ्या ठेवाव्या लागतात. इतिहासाची हुबेहूब पुनरावृत्ती हा या समायोजनाचा हेतू नसतो. लीगच्या एकूण बेरजा इतिहासाजवळ राहाव्यात, एकेका खेळाडूचा हंगाम मात्र त्याच्या कुवतीच्या मर्यादेत वरखाली व्हावा, अशी अपेक्षा असते.

पार्श्वभूमी

प्रत्यक्ष खेळाडूंच्या आकडेवारीवर आधारलेले बैठे बेसबॉल खेळ अमेरिकेत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच तयार झाले. रिचर्ड साइट्झ यांनी १९५१ मध्ये पेनसिल्व्हेनियातील लँकेस्टर येथून ‘एपीबीए’ हा खेळ विक्रीस आणला. हॅल रिचमन यांचा ‘स्ट्रॅट-ओ-मॅटिक’ १९६१ मध्ये आला. त्यात पहिल्या फाशावर १ ते ३ पडल्यास फलंदाजाचे पत्ते पाहायचे आणि ४ ते ६ पडल्यास पिचरचे, अशी सोय होती. निकालावर दोघांचाही सारखाच अधिकार राही. संगणकावर डॉन डॅगलो यांनी १९७१ मध्ये पोमोना कॉलेजात असताना बेसबॉलचा एक प्रारंभिक कार्यक्रम लिहिला. टॉम टिपेट यांचा ‘डायमंड माइंड बेसबॉल’ आणि जर्मनीतील मार्कुस हाइनझोन यांचा १९९९ पासूनचा ‘आउट ऑफ द पार्क बेसबॉल’ हे पुढील काळातील महत्त्वाचे खेळ होत. शॉन लाहमन यांनी एकोणिसाव्या शतकापासूनची आकडेवारी विनामूल्य उपलब्ध करून दिल्याने कोणताही जुना हंगाम संगणकावर उभा करणे सोपे झाले.

लीगची पातळी

बेसबॉलमधील फलंदाजी सरासरी क्रिकेटमधल्या सरासरीसारखी धावांवर मोजली जात नाही. यशस्वी फटक्यांची, म्हणजे हिट्सची संख्या अधिकृत प्रयत्नांच्या संख्येने भागली की ती मिळते, ०.३०० ही सरासरी सामान्यतः चांगली समजतात. ‘चांगली’ या शब्दाचा अर्थ मात्र काळानुसार फार बदलतो. १९३० मध्ये संपूर्ण नॅशनल लीगची सरासरीच ०.३०३ होती आणि तिच्या आठांपैकी सहा संघांची सरासरी ०.३०० च्या वर होती. १९६८ मध्ये अमेरिकन लीगची सरासरी ०.२३० इतकी खाली आली. त्या वर्षी कार्ल यास्ट्रझेम्स्की केवळ ०.३०१ सरासरीने लीगचा सर्वोत्तम फलंदाज ठरला, तर नॅशनल लीगमध्ये बॉब गिब्सनने नऊ इनिंग्जमागे सरासरी १.१२ धावा दिल्या. पुढील हंगामापासून पिचरचा उंचवटा १५ इंचांवरून १० इंचांवर आणण्यात आला आणि स्ट्राइकचे क्षेत्रही लहान करण्यात आले.

दर सामन्यात एका संघाच्या सरासरी धावा १९६८ मध्ये ३.४२ होत्या, तर २००० मध्ये ५.१४. एकाच खेळाच्या नियमांत एवढा फरक सामावत असेल, तर आधुनिक काळासाठी बेतलेले मूळ आकडे जुन्या हंगामाला लावल्यास निकाल हास्यास्पद होतात. १९०८ च्या हंगामात होम रनांचा पाऊस पडतो आणि १९२० च्या दशकातले फलंदाज आजच्यासारखे वारंवार स्ट्राइकआउट होऊ लागतात.

काही हंगामांत लीगच्या आकड्यांतला मोठा वाटा एकाच खेळाडूचा असतो. १९२७ मध्ये अमेरिकन लीगमध्ये एकूण ४३९ होम रन झाले. त्यांपैकी ६० एकट्या बेब रूथचे होते. यँकीज वगळता लीगमधील एकाही संघाला सांघिक बेरजेतही तेवढे होम रन जमले नाहीत. रूथचे ६० जुळवण्यासाठी लीगभर होम रन वाढवले, तर १९२७ चे वर्ष उरतच नाही. रूथचे रेटिंग इतरांच्या तुलनेत वाढवणे हाच येथे योग्य मार्ग आहे.

खेळाडूचे सापेक्ष कौशल्य

फलंदाज आणि पिचर समोरासमोर आल्यावर निकालाची शक्यता काढण्यासाठी अनेक खेळांत बिल जेम्स यांच्या ‘लॉग-५’ सूत्राचे एखादे रूप वापरले जाते. त्यात हिट मिळण्याचे आणि न मिळण्याचे गुणोत्तर घेतात. फलंदाजाच्या गुणोत्तराला पिचरच्या गुणोत्तराने गुणून लीगच्या गुणोत्तराने भागतात. फलंदाजाची सरासरी ०.३००, पिचरविरुद्धची सरासरी ०.२०० आणि लीगची ०.२५० असेल, तर उत्तर सुमारे ०.२४३ येते. लीगची सरासरी ०.३०० धरली की तेच दोघे खेळाडू असूनही उत्तर ०.२०० होते, कारण तेथे हा फलंदाज केवळ सर्वसाधारण ठरतो. लीगचा आकडा चुकला की प्रत्येक चेंडूचा हिशेब चुकतो, तो असा.

याच रीतीने खेळाडूला एका काळातून दुसऱ्या काळात नेता येते. बिल टेरीने १९३० मध्ये नॅशनल लीगमध्ये ०.४०१ सरासरी राखली. लीगच्या तुलनेतील त्याचे गुणोत्तर कायम ठेवून त्याला १९६८ च्या अमेरिकन लीगमध्ये उतरवल्यास सरासरी सुमारे ०.३१५ येते. उलट यास्ट्रझेम्स्कीचे ०.३०१ हे १९३० च्या नॅशनल लीगमध्ये सुमारे ०.३८५ होतात. कागदावर १०० अंकांचे दिसणारे अंतर प्रत्यक्षात बरेच लहान आहे. अर्थात या गणितात दोन्ही लीगमधील सर्वसाधारण खेळाडू सारख्याच ताकदीचा होता असे गृहीत धरलेले असते, आणि ते गृहीतक वादग्रस्त आहे.

सर्वाधिक आढळणारी चूक म्हणजे काळाचा परिणाम दोनदा मोजणे. १९६८ च्या फलंदाजांचे रेटिंग त्यांच्या कच्च्या आकड्यांवरून ठरवले आणि वर लीगची पातळीही १९६८ ची ठेवली, तर आधीच कमी असलेले आकडे आणखी खाली जातात. मैदानांच्या बाबतीतही असेच घडते. डेन्व्हरच्या विरळ हवेत चेंडू दूर जातो. कोलोरॅडो रॉकीजच्या फलंदाजांचे आकडे मैदानाचा परिणाम वजा न करता घेतले आणि त्यांना पुन्हा त्याच मैदानाचा गुणक लावला, की धावा अवास्तव फुगतात.

दुसरी अडचण अल्प नमुन्याची. मिलवॉकी ब्रेव्हजच्या बॉब हेझलने १९५७ मध्ये अवघ्या १३४ प्रयत्नांत ०.४०३ सरासरी नोंदवली. पुढचे वर्ष त्याचे मेजर लीगमधील अखेरचे ठरले. त्याचे रेटिंग त्या एका हंगामावरून ठरवून त्याला आभासी लीगमध्ये ६०० प्रयत्न दिले, तर तो टेड विल्यम्सच्या पंक्तीस बसतो. म्हणून कमी प्रयत्नांचे आकडे लीगच्या सरासरीकडे ओढले जातात, किंवा एका वर्षाऐवजी तीन वर्षांचा भारित आधार घेतला जातो. ‘आउट ऑफ द पार्क’मध्ये ऐतिहासिक आकड्यांवरून दरवर्षी रेटिंग पुन्हा काढण्याचा आणि खेळाडूचा विकास खेळाच्या यंत्रणेवरच सोपवण्याचा, असे दोन्ही पर्याय आहेत. पहिल्यात कारकीर्द इतिहासाच्या जवळ राहते. दुसऱ्यात अनपेक्षित घडते. ज्याला केवळ जुनी नोंद पुन्हा वाचायची नाही त्याला हाच पर्याय रुचतो.

गुणक ठरवणे

लीगचा आकडा इतिहासाशी जुळवण्याची मूळ क्रिया सोपी आहे. १९२७ च्या आभासी अमेरिकन लीगमध्ये सरासरी ५०० होम रन होत असतील, तर आधीच्या गुणकाला ४३९ भागिले ५००, म्हणजे ०.८७८ ने गुणायचे. हे एका हंगामावरून करू नये. ४३९ अपेक्षित असताना निव्वळ योगायोगाने २० होम रन कमी-अधिक होणे अगदी स्वाभाविक आहे. तोच हंगाम वीस-तीस वेळा चालवून सरासरी घेतल्यावरच गुणकाला हात लावणे शहाणपणाचे.

आकडे परस्परांत गुंतलेले असल्याने क्रमही महत्त्वाचा असतो. होम रन हाही हिटच असल्यामुळे तो कमी केला की फलंदाजी सरासरी घसरते. स्ट्राइकआउट वाढवले की मैदानात जाणारे चेंडूच कमी होतात. म्हणून आधी स्ट्राइकआउट, वॉक आणि होम रन, मग मैदानात पडणाऱ्या चेंडूंवरील हिट, त्यानंतर दोन व तीन बेसचे फटके आणि क्षेत्ररक्षणातील चुका, असा क्रम उपयुक्त ठरतो. धावा सर्वांत शेवटी तपासायच्या. घटक बरोबर असतील तर त्या बहुधा आपोआप जुळतात.

एकेका खेळाडूच्या बाबतीत मात्र जुळणीचा हट्ट धरता येत नाही. ज्याची खरी कुवत ०.३०० आहे, त्याच्या ६०० प्रयत्नांतील सरासरीचे प्रमाण विचलन सुमारे ०.०१९ असते. तीनपैकी साधारण एका हंगामात तो ०.२८१ ते ०.३१९ या पट्ट्याबाहेर जाणारच. तसे कधीच होत नसेल, तर सिम्युलेशनमध्ये दोष आहे असे समजावे.

डावपेच आणि नियम

केवळ फलंदाजीचे आकडे जुळवून काळ उभा राहत नाही. १९०४ मध्ये जॅक चेस्ब्रोने ५१ सामन्यांची सुरुवात केली, त्यांपैकी ४८ शेवटपर्यंत खेळून काढले आणि एकूण ४१ विजय मिळवले. पिचरच्या थकव्याची आजची मोजपट्टी त्याला लावल्यास तो जूनपर्यंतही टिकणार नाही. बेस चोरण्याचेही तसेच: १९५० मध्ये डॉम डिमॅजिओ केवळ १५ चोऱ्यांनिशी अमेरिकन लीगमध्ये अव्वल होता, तर १९८२ मध्ये रिकी हेंडरसनने १३० बेस चोरले. हा फरक धावण्याच्या वेगाचा कमी आणि व्यवस्थापकांच्या सवयींचा जास्त होता, म्हणून तो डावपेचांच्या नियंत्रकांतून बदलावा लागतो. सामन्यांची संख्या (१५४ की १६२) आणि अमेरिकन लीगमध्ये १९७३ पासून आलेला नियुक्त फलंदाज याही बाबी हंगामानुसार ठरवाव्या लागतात.

निग्रो लीगचा प्रश्न

१९४७ मध्ये जॅकी रॉबिन्सन येईपर्यंत विसाव्या शतकातील मेजर लीगमध्ये कृष्णवर्णीय खेळाडूंना प्रवेश नव्हता. त्यामुळे रूथ किंवा टाय कॉब यांची रेटिंग ज्या लीग-सरासरीवर मोजली जातात, तीच अपूर्ण आहे. मेजर लीग बेसबॉलने डिसेंबर २०२० मध्ये १९२० ते १९४८ या काळातील सात निग्रो लीगना मेजर लीगचा दर्जा दिला. मे २०२४ मध्ये त्यांचे आकडे अधिकृत नोंदींत समाविष्ट झाले, आणि जॉश गिब्सन ०.३७२ या कारकिर्दीतील सरासरीसह कॉबच्या (०.३६७) पुढे गेला.

सिम्युलेशनमध्ये या खेळाडूंना आणताना दोन्ही जुन्या अडचणी एकत्र येतात. लीगचे अधिकृत सामने कमी, नोंदी काही ठिकाणी तुटक, आणि संघांचे पुष्कळसे सामने लीगबाहेरचे असत. लहान नमुन्याची नेहमीची दुरुस्ती यांत्रिकपणे लावली, तर गिब्सनसारखा खेळाडू सर्वसाधारणाकडे ओढला जातो आणि वर्णभेदाने कमी ठेवलेली नोंद त्याच्याच विरोधात वापरली जाते. त्याचे अनेक हंगाम एकत्र धरून रेटिंग काढल्यास ही घसरण बरीच कमी होते. दोन्ही लीग एकत्र खेळवताना त्यांच्या सरासरींचे परस्पर मूल्य काय धरावे, हे मात्र समायोजन करणाऱ्यालाच ठरवावे लागते. गणितात तो आकडा तयार मिळत नाही.