राजधानी गेली, बासिलिका राहिली

जुन्या गोव्यात आज राजवाडा नाही, गोदी नाही, बाजार नाही. मांडवीच्या धक्क्यावरून वर येताना व्हाइसरॉयची कमान लागते. वास्को द गामाच्या पणतूने, फ्रान्सिस्कु द गामाने, ती सोळाव्या शतकाच्या अखेरीस आपल्या पणजोबाच्या स्मरणार्थ उभारली. कमान ओलांडली की माडांच्या गर्दीतून चर्चचे घुमट आणि मनोरे डोकावू लागतात. पूर्वेकडच्या पोर्तुगीज साम्राज्याचा कारभार जिथून चालत होता त्या शहरातले एवढेच शिल्लक आहे. घरे पडली, रस्ते रानात गेले. साथींनी माणसे मारली आणि उरलेली नदीच्या मुखाकडे सरकली. १७५९ मध्ये व्हाइसरॉयही पणजीला राहायला गेला आणि १८४३ मध्ये पणजी रीतसर राजधानी झाली.

तरीही २४ नोव्हेंबर उजाडला की या रिकाम्या शहरात पाय ठेवायला जागा राहत नाही. नोव्हेना सुरू होते, नऊ दिवस पहाटेपासून मिस्सा चालतात आणि ३ डिसेंबरला सेंट फ्रान्सिस झेवियरचे फेस्त होते. सिंधुदुर्गातून, घाट उतरून बेळगावकडून भाविक चालत येतात. खाज्यांची, चण्यांची, मेणबत्त्यांची दुकाने लागतात. नवस फेडायला मेणाचे हात, पाय, डोळे विकत मिळतात. या सगळ्या गर्दीची वाट एकाच वास्तूकडे जाते, ती म्हणजे बाँ जेझूस बासिलिका. या वास्तूने चारशेहून अधिक वर्षांत किती धनी पाहिले आणि ती नेमकी कोणाच्या जोरावर टिकली, हे नीट पाहिले पाहिजे असे मला वाटते.

ज्या संतामुळे ही बासिलिका ओळखली जाते, त्याने ती पाहिलेलीच नाही. फ्रान्सिस झेवियर स्पेनमधल्या नवारा प्रांताचा. ६ मे १५४२ रोजी तो गोव्यात उतरला आणि पुढची दहा वर्षे मच्छीमारांचा किनारा, मलाक्का, मोलुक्का बेटे, जपान अशी भ्रमंती करीत राहिला. ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्याजवळच्या सांशियान बेटावर तो वारला. देह लवकर झिजावा म्हणून प्रेतपेटीत चुना भरला होता. काही महिन्यांनी पेटी उघडली तेव्हा देह तसाच होता, असे तेव्हाचे लोक सांगतात. मलाक्कामार्गे तो देह मार्च १५५४ मध्ये गोव्यात आला आणि झेवियर ज्या धर्मसंघाचा होता त्या जेज्वीटांच्या सेंट पॉल कॉलेजात ठेवला गेला.

त्या कॉलेजाची आता फक्त दर्शनी कमान उरली आहे, रस्त्याच्या कडेला एकटी. बसमधून जाणाऱ्या प्रवाशांचे तिच्याकडे लक्षही जात नाही. मराठी माणसाने मात्र तिथे उतरावे. १५५६ मध्ये भारतातला पहिला छापखाना याच कॉलेजात सुरू झाला. पुढे याच जेज्वीट संघाचा इंग्रज पाद्री थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आला, इथली भाषा शिकला आणि त्याने मराठी ओवीत ‘ख्रिस्तपुराण’ रचले. ते १६१६ मध्ये रायतूरला छापले गेले. ज्ञानेश्वर-एकनाथांच्या छंदात येशूची कथा सांगणारा हा परदेशी माणूस मराठी वाङ्मयाच्या इतिहासात ठामपणे बसलेला आहे.

बाँ जेझूसची पायाभरणी २४ नोव्हेंबर १५९४ रोजी झाली. शेजारचे जेज्वीटांचे निवासगृह त्याआधीच, १५८९ पर्यंत उभे राहिले होते. पैसा आला तो कोचीनचा कप्तान जेरोनिमु मास्कारेन्यश याच्या मृत्युपत्रातून, आणि त्याची स्मृतिशिळा चर्चच्या आत आजही आहे. १५ मे १६०५ रोजी आर्चबिशप अलेशु द मेनेझिश यांनी चर्चचे पवित्रीकरण केले. भिंती गोव्याच्या जांभ्या चिऱ्याच्या. दर्शनी भागातली कोरीव कामे काळ्या बेसॉल्टची, आणि हा बेसॉल्ट आला वसईहून, गलबतांतून. म्हणजे या दर्शनी भागात आपल्या उत्तर कोकणच्या खडकाचाही वाटा आहे. सगळ्यात वरच्या चौकटीत येशूच्या नावाची तीन अक्षरे, आयएचएस, कोरलेली आहेत. वेदीवर बाळ येशूची लहान मूर्ती आहे. तिच्या वर जेज्वीट संघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला भव्य रूपात उभा आहे आणि त्याची नजर सोनेरी किरणांत बसवलेल्या त्याच तीन अक्षरांकडे लागलेली आहे.

१६२२ मध्ये झेवियरला संतपद मिळाले आणि १६२४ मध्ये त्याचा देह बाँ जेझूसमध्ये आला. त्याआधी १६१४ मध्ये उजवा हात रोमच्या आज्ञेने कापून तिकडे पाठवला होता, तो तिथल्या जेझू चर्चमध्ये आहे. १६३७ च्या सुमारास देहासाठी चांदीची पेटी तयार झाली. ती घडवली गोव्याच्याच कारागिरांनी. तिच्या पत्र्यांवर संताच्या आयुष्यातले प्रसंग उठवले आहेत. या कामातली नजर आणि हात इथलेच आहेत, हे थोडे थांबून पाहिले की जाणवते. पेटीखालचा संगमरवरी चौथरा मात्र इटलीतला. टस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोसिमो द मेदिची याने तो भेट दिला, फ्लॉरेन्सचा शिल्पकार जोव्हान्नी बात्तिस्ता फोज्जिनी याने तो घडवला आणि १६९८ मध्ये तो इथे जोडून उभा केला. खालून बघणाऱ्या भाविकाचे डोळे संगमरवरावरून सरकत चांदीवरच जाऊन थांबतात. मला ते योग्य वाटते.

मराठी वाचकाला या वास्तूशी बांधणारा सर्वांत थेट प्रसंग १६८३ सालचा. त्या नोव्हेंबरात छत्रपती संभाजी महाराजांनी गोव्याच्या अगदी उंबऱ्यावर, जुवे बेटावरचा किल्ला घेतला. व्हाइसरॉय काउंट ऑफ आल्व्होर पुरता हादरला. तो बाँ जेझूसमध्ये गेला, संताची पेटी उघडवली, आपला अधिकारदंड त्याच्यापाशी ठेवला आणि राज्य आता तूच राख अशी प्रार्थना केली. तेवढ्यात मोगलांची फौज कोकणात उतरल्याने महाराजांना माघारी वळावे लागले. गोव्यातल्या ख्रिस्ती श्रद्धेने याचे श्रेय संताला दिले. पुढे नव्या गव्हर्नरने संताच्या पेटीपाशी येऊन अधिकारदंड हाती घ्यायचा, असा रिवाजच पडला. इतिहासाच्या पुस्तकात आपण हा प्रसंग एका बाजूने वाचतो. बासिलिकेत उभे राहिले की दुसऱ्या बाजूची भीती किती खरी होती ते समजते.

ही सगळी वाटचाल सोन्या-चांदीची नव्हती. पोर्तुगीज सत्तेने सोळाव्या शतकात तिसवाडी, बार्देश, साष्टीतली देवळे पाडली. १५६० पासून १८१२ पर्यंत, मधला थोडा खंड सोडला तर, इन्क्विझिशन या धर्मन्यायालयाने माणसांना तुरुंगात घातले, छळले, काहींना जाळले. बासिलिकेशेजारच्या से कॅथेड्रलच्या मनोऱ्यातली प्रचंड ‘सोनेरी घंटा’ त्या शिक्षांच्या जाहीर सोहळ्यांतही वाजली आहे. धक्क्यावरून फेरीने दिवाडी बेटावर जाता येते. तिथल्या सप्तकोटेश्वराचे देऊळ असेच पाडले गेले. देव नदीपलीकडे नार्व्याला नेले गेले आणि १६६८ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार केला. जुन्या गोव्याच्या यात्रेत हे झाकून ठेवू नये. श्रद्धेचे घर आणि सत्तेचे हत्यार एकाच चौकात उभे होते आणि दोन्ही खरे आहे.

सत्तेने जेज्वीटांनाही सोडले नाही. १७५९ मध्ये पोर्तुगालच्या राजाने साऱ्या पोर्तुगीज मुलखातून या संघाला हाकलले. ज्यांनी बाँ जेझूस बांधले त्यांनाच पकडून जहाजावर चढवले. मग कुजबुज सुरू झाली की जाताना त्यांनी संताचा देहही नेला आणि पेटीत दुसरेच काही ठेवले. ही शंका फेडण्यासाठी १७८२ च्या फेब्रुवारीत पेटी उघडून देह लोकांना दाखवला गेला. हे पहिले जाहीर शवप्रदर्शन. आज दर दहा वर्षांनी भरणारा हा सोहळा अशा एका संशयातून जन्मला. लोकांनी विचारले आणि उत्तर द्यावे लागले.

पुढचा घाव १८३५ चा. सगळेच धर्मसंघ बरखास्त झाले, मठ ओस पडले. मॉन्ते सांतु टेकडीवर ऑगस्टिनियन संघाचे अवाढव्य चर्च होते. १८४२ मध्ये त्याचे छत कोसळले. सेहेचाळीस मीटरचा मनोरा होता, त्यातला अर्धाच आता आभाळात उभा आहे. त्याची घंटा पणजीच्या चर्चमध्ये वाजते. जुन्या गोव्यात आलात तर ही टेकडी चढाच. बासिलिकेभोवतीची गर्दी इथे नसते, आणि हे शहर केवढे होते याचा अंदाज याच भग्न भिंतींमधून येतो. जॉर्जियाची राणी केतेवान हिला १६२४ मध्ये इराणमधल्या शिराझला धर्म सोडत नाही म्हणून ठार केले. तिचे काही अवशेष ऑगस्टिनियनांनी इथे आणून ठेवले होते. भारतीय पुरातत्त्व खात्याच्या उत्खननात हाडे मिळाली, हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेने डीएनए तपासून ती ओळखली आणि २०२१ मध्ये भारताने ती जॉर्जियाला भेट दिली. एका परक्या देशाची संत राणी जवळपास चारशे वर्षे या चिऱ्यांखाली होती.

एक नाव इथे आवर्जून घ्यायला हवे. युरोपीय धर्मसंघ गोव्याच्या पाद्रींना आत घेत नसत. म्हणून सतराव्या शतकाच्या अखेरीस गोमंतकीय पाद्रींनी जुन्या गोव्याच्याच एका टेकडीवर स्वतःचा संघ उभा केला. बाणावलीचा जोझे वाज हा त्याचा आधारस्तंभ. १६८७ मध्ये तो डच राजवटीतल्या श्रीलंकेत छुपेपणाने गेला, तिथल्या कॅथलिकांना सांभाळले आणि १७११ मध्ये कँडीत वारला. १४ जानेवारी २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी कोलंबोत त्याला संत घोषित केले. टेकडीवरच्या त्याच्या संघाच्या जागी अवशेष आहेत. झेवियरसाठी येणाऱ्यांपैकी फार थोडे तिथवर जातात, याचे वाईट वाटते.

सत्ता गेली, संघ गेले, शहर गेले. बाँ जेझूसला १९४६ मध्ये बासिलिकेचा दर्जा मिळाला तेव्हा भोवती गाव म्हणावे एवढीही वस्ती नव्हती. ती टिकली ती येणाऱ्या माणसांमुळे. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला, पोर्तुगीज झेंडा उतरला आणि फेस्ताच्या गर्दीत काहीच फरक पडला नाही. ‘गोंयचो सायब’ म्हणून हिंदू घरांतूनही झेवियरला हात जोडले जातात. १९८६ मध्ये गोव्यातली चर्च आणि मठ युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. अठरावे शवप्रदर्शन २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात झाले. पेटी मिरवणुकीने रस्त्यापलीकडच्या से कॅथेड्रलमध्ये गेली आणि तिथे रांगा लागल्या.

मात्र आज बासिलिकेच्या अंगाला एक जखम आहे, आणि ती शत्रूने केलेली नाही. मुळात बासिलिका बाहेरून चुन्याच्या गिलाव्याने पांढरी होती, शेजारचे से कॅथेड्रल आणि सेंट कॅजेटनचे चर्च आजही आहेत तशी. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला बाल्तझार काश्त्रु या पोर्तुगीज वास्तुतज्ज्ञाने प्राचीनपणा दिसावा म्हणून गिलावा खरवडून काढला. तेव्हापासून जांभा उघडा आहे. जांभा सच्छिद्र दगड, पाणी पितो. गोव्याच्या पावसात तो दरवर्षी भिजतो, मऊ होतो, झिजतो. जुन्या बांधकामातला चुना शोभेसाठी नव्हता, छत्रीसारखा होता. लाल भिंती पर्यटकांच्या छायाचित्रांत छान दिसतात आणि पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी तोच रंग मूळचा मानला आहे. त्यामुळे पुन्हा गिलावा करायचे नाव काढले की विरोध होतो. माझे मत स्पष्ट आहे. गिलावा परत लावलाच पाहिजे, चुन्याचाच, आणि लवकर. ज्या रंगाला आपण वारसा समजतो तो सत्तर-पंचाहत्तर वर्षांचा आहे. चिरे चारशे वर्षांचे आहेत.

तुम्ही जाल तेव्हा घाईच्या सहलीत पाच चर्चे उरकू नका. सकाळी लवकर पोहोचा, मिस्सा चालू असेल तर मागे शांत बसा आणि पेटीवरचे चांदीकाम जवळून बघा. मग सांता मोनिकाच्या मठातले ख्रिस्ती कला संग्रहालय पाहा आणि ऑगस्टिनियनांच्या मनोऱ्यापर्यंत चढून जा. पुढचे शवप्रदर्शन रिवाजानुसार २०३४ मध्ये येईल, पण तोवर थांबायचे कारण नाही. नोव्हेना दरवर्षी २४ नोव्हेंबरलाच सुरू होते.