पांढरे अस्वल पाहायला जाताना

आमचे एक शिक्षकमित्र गेल्या दिवाळीत घरी आले ते चार-पाच गुळगुळीत रंगीत माहितीपत्रके घेऊनच. तीस वर्षे शाळेत भूगोल शिकवून ते निवृत्त झाले आहेत. मुलगी टोरांटोला असते. 'बाबा, आलाच आहात तर पांढरे अस्वल पाहून जा,' असा तिचा आग्रह. एका पत्रकात हडसन उपसागराच्या काठचे चर्चिल गाव होते, दुसऱ्यात नॉर्वेची स्वालबार बेटे, तिसऱ्यात आणखी काही. आणि प्रत्येकात अस्वल इतके जवळ, की त्याच्या नाकावरचे हिमकण मोजून घ्यावेत. 'तुम्ही शास्त्रज्ञ मंडळी, तुम्हीच सांगा यातली कोणती सहल घेऊ?' गुरुजींनी विचारले.

अस्वले हा काही आमच्या संशोधनाचा विषय नव्हे. पण प्रश्न टाळवेना, म्हणून आम्ही वाचायला बसलो. पहिलीच गोष्ट ध्यानात आली ती अशी, की वाटाड्या घेऊन पांढऱ्या अस्वलापर्यंत जाण्याची रीत बरीच जुनी आहे. फक्त पूर्वी लोक जात ते त्याला मारायला.

१५९६ साली विलेम बॅरेंट्स या डच नाविकाच्या लोकांनी उत्तरेच्या समुद्रात एका बेटाजवळ पोहणारे पांढरे अस्वल मोठ्या झटापटीनंतर मारले, आणि त्या बेटाचे नावच 'अस्वल बेट' पडले. ते आजही नकाशात आहे. त्यानंतर काही दिवसांतच त्यांना स्वालबार दिसले. पुढे तेथे हिवाळा काढणारे नॉर्वेजियन शिकारी आले. त्यांचे एक साधन मुद्दाम सांगण्यासारखे आहे. खांबांवर बसवलेली लाकडी पेटी, आत रोखलेली बंदूक, तोंडाशी चरबीचे आमिष आणि आमिषापासून चापापर्यंत बांधलेली दोरी. अस्वलाने आमिष ओढले, की गोळी सुटायची. शिकारी त्या वेळी कोसभर दूर आपल्या खोपटात झोपलेला असला तरी चाले. समोरचे अस्वल नर आहे की पिलांची आई, हे पेटीला कसे कळणार? पोरकी झालेली पिले पकडून प्राणिसंग्रहालयांना विकली जात. पेटीबंदुकीवर बंदी आली ती १९७० साली.

हौशी शिकाऱ्यांसाठीही व्यवस्था होती. स्वालबारभोवती बोटीतून फिरत बर्फावरचे अस्वल टिपायचे. अलास्कात तर १९५० आणि १९६०च्या दशकांत हा धंदा विमानांवर चाले. दोन छोटी विमाने जोडीने समुद्राच्या बर्फावर जात; अस्वल दिसले की एक विमान जवळपास उतरे, गिऱ्हाईक गोळी झाडी, कातडे घेऊन मंडळी परत. वाटाडे, वाहन, ठरलेला हंगाम, आगाऊ भरलेले पैसे, म्हणजे आजच्या माहितीपत्रकात जे जे असते ते सारे तेव्हाही होते.

सोव्हिएत संघाने १९५६ सालीच ही शिकार बंद केली होती. १९६५ मध्ये अलास्कातील फेअरबँक्सला अस्वलांच्या प्रदेशातील पाचही देशांचे प्रतिनिधी प्रथमच एकत्र बसले, तेव्हा जगात पांढरी अस्वले एकूण आहेत तरी किती, याचा विश्वासार्ह आकडा कोणाजवळही नव्हता. शीतयुद्धाचे दिवस होते. ज्या बर्फाखालून एकमेकांच्या पाणबुड्या फिरत होत्या, त्याच बर्फावरच्या प्राण्याविषयी अमेरिका आणि सोव्हिएत संघ बोलू लागले, हे आम्हांला त्या इतिहासातले सर्वांत चांगले पान वाटते. १५ नोव्हेंबर १९७३ रोजी ऑस्लोला कॅनडा, डेन्मार्क, नॉर्वे, सोव्हिएत संघ आणि अमेरिका यांच्यात करार झाला व १९७६ पासून तो अमलात आला. विमानातून आणि मोठ्या यांत्रिक बोटींतून शिकार बंद झाली. स्थानिक लोकांचा पारंपरिक हक्क मात्र राखला गेला. त्यामुळे कॅनडात इन्युइट गावांना ठरवून दिलेल्या वाट्यातून, इन्युइट वाटाड्याबरोबर कुत्र्यांच्या घसरगाडीवरून जाऊन परदेशी माणसाला आजही कायदेशीर शिकार करता येते. हे ऐकून गुरुजी जरा दचकले. त्यांच्या पत्रकांत याचा उल्लेख असण्याचे कारणच नव्हते.

आता चर्चिलकडे वळू. हे गाव उत्तर ध्रुववृत्तात नाही. ते ५८ अंश ४६ मिनिटे उत्तर अक्षांशावर, म्हणजे ध्रुववृत्ताच्या बरेच दक्षिणेला आहे. हडसन्स बे कंपनीने १७१७ साली येथे केसाळ कातड्यांच्या व्यापारासाठी ठाणे घातले आणि पुढे दगडी किल्ला बांधला. याच किल्ल्यात विल्यम वेल्स आणि जोसेफ डायमंड या दोन निरीक्षकांनी १७६८-६९ चा हिवाळा काढला आणि ३ जून १७६९ रोजी शुक्राचे अधिक्रमण पाहिले. त्याच अधिक्रमणासाठी कॅप्टन कुक ताहितीला गेला होता, हे आपण विद्यार्थ्यांना सांगतो. चर्चिलचे नाव मात्र सहसा घेत नाही. १९२९ मध्ये रेल्वे आली, १९४२ मध्ये लष्कर आले, पुढे आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षाच्या निमित्ताने ध्रुवीय प्रकाशाचा अभ्यास करणारी रॉकेटे उडू लागली. मोटारीचा रस्ता मात्र आजही नाही.

अस्वले तेथेच का येतात, याचे उत्तर भूगोल आणि भौतिकशास्त्र मिळून देतात. पांढरे अस्वल मुख्यतः सील खाऊन जगते आणि सील पकडण्यासाठी त्याला पायाखाली समुद्राचा बर्फ लागतो. हडसन उपसागराचा बर्फ उन्हाळ्यात पूर्ण वितळतो. म्हणून जुलैच्या सुमारास अस्वले किनाऱ्यावर येतात आणि अंगातल्या चरबीवर दिवस काढतात. नोव्हेंबरात पाणी पुन्हा गोठते, तेही चर्चिलच्या बाजूला आधी. एक तर उपसागरातला प्रवाह घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतो आणि वायव्येकडचा नवा बर्फ या किनाऱ्याने खाली आणतो. शिवाय चर्चिल नदीचे गोडे पाणी येथे समुद्रात मिसळते. खारे पाणी गोठायला उणे १.८ अंश सेल्सिअसपर्यंत उतरावे लागते, गोडे पाणी शून्यालाच गोठते. (मिठाच्या पाण्याचा हा प्रयोग शाळेत बर्फ आणि तापमापी घेऊन करता येतो.) तेव्हा ऑक्टोबर-नोव्हेंबरात अस्वले या टोकाशी गोळा होतात ती बर्फाची वाट पाहत. पाहुण्यांना जे संमेलन वाटते, तो खरे तर उपाशी प्राण्यांचा थांबा आहे.

माणसांची वस्ती वाढली तसा गावाचा उकिरडाही वाढला, आणि अस्वलांना त्याचा वास लागला. उकिरड्यावर चरणारी अस्वले पाहायला लोक मोटारी घेऊन जात. चर्चिलची पहिली अस्वल-सहल ती हीच म्हणायची! १९६८ च्या नोव्हेंबरात अस्वलाच्या हल्ल्यात एका इन्युइट विद्यार्थ्याचा मृत्यू झाला. त्यानंतर सरकारने गावात येणाऱ्या अस्वलांसाठी स्वतंत्र पथक नेमले. तोवर गावात शिरलेल्या अस्वलाची शिक्षा बहुधा गोळी हीच असे. १९७१ मध्ये काही अस्वले विमानात घालून दूर नेऊन सोडण्याचा प्रयोग झाला. त्यांतली काही परत आली. १९८०च्या दशकाच्या आरंभी लष्कराच्या एका जुन्या इमारतीत पोलादी गजांच्या कोठड्या झाल्या. गावात येणारे अस्वल पकडून तेथे ठेवायचे, पाणी द्यायचे, अन्न द्यायचे नाही आणि पुढे गावापासून दूर किंवा बर्फ धरल्यावर सोडून द्यायचे. अन्न न देण्यात क्रौर्य नाही. त्या दिवसांत ते बाहेरही उपाशीच असते. कोठडीत जेवण मिळते हे एकदा कळले, तर ते पुढच्या वर्षी आपण होऊन दारात उभे राहील. उघडा उकिरडा बंद व्हायला मात्र एकविसावे शतक उजाडावे लागले.

याच गावात लेन स्मिथ नावाचा एक कारागीर होता. जुन्या यंत्रांचे सुटे भाग जोडून १९७९-८० च्या सुमारास त्याने प्रचंड रुंद टायरांची एक उंच गाडी तयार केली. टुंड्राच्या दलदलीवर ती कमी रुतावी आणि आतला माणूस अस्वलाच्या पंजापेक्षा उंच बसावा, हा हेतू. डॅन गुराविच या छायाचित्रकाराला त्याने अस्वलांपर्यंत नेले. छायाचित्रे जगभर गेली, १९८२ साली चर्चिलवरचा माहितीपट दूरचित्रवाणीवर आला, आणि पाहता पाहता गावाचा हंगाम बदलला. धान्याचे बंदर आणि लष्करी तळ यांवर जगलेले गाव आता ज्या प्राण्याला हाकलायचे त्याच्याच जिवावर जगू लागले. टुंड्रावरील गाड्यांना परवाने लागतात आणि त्यांची संख्या बांधून दिलेली आहे, हे शहाणपण वेळीच सुचले. १९९६ मध्ये शेजारीच वापुस्क राष्ट्रीय उद्यान झाले. क्री भाषेत वापुस्क म्हणजे पांढरे अस्वलच. तेथे पाणथळ पीटच्या मातीतील बिळांत माद्या पिलांना जन्म देतात.

गाडीमुळे अस्वलांना त्रास होतो का? २००४ साली याच ठिकाणचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पहुडलेले अस्वल किती वेळा डोके वर करून पाहते, एवढेच निरीक्षकांनी मोजले. गाडी जवळ असली की नर अधिक वेळा मान वर करीत. माद्यांत मात्र उलटा कल दिसला. किती साधे निरीक्षण! आपल्या शाळेच्या आवारातील कुत्र्यांवरही ते करता येईल. उपाशी प्राण्याचा प्रत्येक उठणे-बसण्याचा खर्च साठवलेल्या चरबीतून होतो, म्हणून या मोजणीला अर्थ आहे.

पण खरी चिंता गाड्यांची नाही. इयन स्टर्लिंग आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये दाखवून दिले, की येथला बर्फ वसंतात लवकर फुटू लागला आहे आणि ज्या वर्षी तो लवकर फुटतो त्या वर्षी अस्वले अधिक कृश होऊन किनाऱ्यावर येतात. वर्षानुवर्षे तीच अस्वले पकडून, वजने-मापे घेऊन मिळालेला हा निष्कर्ष आहे. १९८७ मध्ये पश्चिम हडसन उपसागरात सुमारे १,२०० अस्वले असावीत असा अंदाज होता. २०१६ मध्ये तो ८४२ वर आला, २०२१ मध्ये ६१८ वर. आणि गंमत अशी, की पाहुण्याला यातले काहीच दिसत नाही. बर्फ उशिरा धरला, की अस्वले किनाऱ्यावर अधिक दिवस राहतात. सहलीचा हंगाम लांबतो, गाडीतून अधिक अस्वले दिसतात आणि परतलेला माणूस शपथेवर सांगतो, 'छे, अस्वले कमी कुठे झाली? आम्हांला एका दिवसात बारा दिसली!' नमुना कोठे आणि केव्हा घेतला, यावर निष्कर्ष कसा फिरतो याचे यापेक्षा चांगले उदाहरण संख्याशास्त्राच्या शिक्षकांना मिळायचे नाही.

स्वालबारची गोष्ट वेगळी. तेथे अस्वल १९७३ पासून पूर्ण संरक्षित आहे. सहल बोटीने होते, आणि अस्वलाच्या मागे लागणे, त्याला आमिष दाखवणे कायद्याने गुन्हा आहे. २०१८ च्या जुलैमध्ये एका पर्यटकबोटीचे रक्षक आधी किनारा तपासायला उतरले, त्यांतल्या एकावर अस्वलाने हल्ला केला आणि अस्वल गोळी खाऊन मेले. पाहुणे यायचे होते म्हणून रक्षक उतरले होते, एवढे लक्षात ठेवायला हवे. १ जानेवारी २०२५ पासून तेथे नवा नियम आला आहे: १ मार्च ते ३० जून अस्वलापासून किमान ५०० मीटर दूर राहायचे, एरवी ३०० मीटर. पाचशे मीटरांवरून अस्वल कसे दिसते? उभ्या अस्वलाची लांबी अडीच मीटर धरली, तर हाताच्या अंतरावर धरलेल्या पट्टीवर ते तीन-साडेतीन मिलिमीटर भरेल. गुरुजींनी लगेच खिशातून पेन काढून ठिपका काढला. 'एवढे?' एवढेच. दुर्बीण नेली तर बरेच.

याच बेटांवर न्यू-ऑलेसुंड येथे भारताचे हिमाद्री हे संशोधन केंद्र २००८ पासून आहे. गोव्याच्या वास्को येथील ध्रुवीय संशोधन संस्था ते चालवते. वस्तीच्या सीमेबाहेर जाणाऱ्या शास्त्रज्ञांना तेथे बंदूक चालवण्याचे शिक्षण घ्यावे लागते आणि ती बरोबर ठेवावी लागते. ती वापरण्याची वेळ येऊ नये, हा खरा अभ्यासक्रम.

मग कोणती सहल? मुंबईहून चर्चिलला जाऊन येणे म्हणजे सुमारे पंचवीस हजार किलोमीटर उडणे, आणि त्या धुराचा बर्फाशी संबंध आहे. केवळ अस्वलासाठी जायचे असते, तर आम्ही 'जाऊ नका' म्हटले असते. पण गुरुजी मुलीकडे जाणारच होते. विनिपेगहून चर्चिलला आगगाडी जाते, दोन दिवस घेते. २०१७ च्या पुरात तो मार्ग वाहून गेला होता, पुढच्या वर्षाअखेर पुन्हा सुरू झाला. भूगोलाच्या माणसाला शेतीचा प्रदेश, सूचिपर्णी अरण्य आणि टुंड्रा ओळीने खिडकीतून पाहायला मिळणे हे अस्वलाहून कमी नाही, असे आमचे मत पडले आणि ते त्यांना पटले.

सहलवाल्यांना मात्र पत्र लिहायला आम्ही सांगितले. तुमची गाडी अस्वलाकडे जाते, की थांबून अस्वल येईल तर येऊ देते? वाटाड्या किती हंगाम तेथे काम करतो आहे? आणि एक खोडसाळ प्रश्न: अस्वलाचे केस सूर्यप्रकाश प्रकाशतंतूंसारखे कातडीपर्यंत नेतात, हे खरे का? हे अनेक पुस्तकांत छापलेले आहे. डॅनियल कून या भौतिकशास्त्रज्ञाने १९९८ मध्ये केस घेऊन मोजले, तेव्हा पाव इंच लांबीच्या केसातून अतिनील प्रकाशाचा हजारावा भागही पार गेला नाही. जो वाटाड्या हे जाणतो, तो बाकीचेही वाचून असणार.

तीन पत्रांना उत्तरे आली. दोघांनी सवलतीचे दर कळवले. तिसऱ्याने केसांची गोष्ट चुकीची असल्याचे दोन ओळींत लिहिले होते. त्याची गाडी एका जागी तासन्‌तास उभी असते, थंडी फार वाजते, आणि अस्वल दिसेलच अशी हमी आपण कोणालाही देत नाही, असेही पुढे होते. गुरुजींनी त्याच दिवशी त्याच्याकडे नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यासाठी नाव नोंदवले.