तेल, हवा आणि आईची पळी

गेल्या पावसाळ्यात आईची अँजिओप्लास्टी झाली. घरी सोडताना डॉक्टरांनी कागदावर गोळ्या लिहून दिल्या आणि शेवटी तोंडी सांगितलं, "आजी, आता तळलेलं बंद. तेल अगदी मोजून." आई तिथे काही बोलली नाही. रिक्षात बसल्यावर मात्र म्हणाली, "तेल मिळत नव्हतं तेव्हा मोजून खाल्लं. आता मिळतंय, तर परत मोजायचं?"

घरी पोचायच्या आत मुलीने मोबाइलवर उपाय शोधला होता : एअर फ्रायर. निवडायचं काम माझ्याकडे आलं, कारण चाकण एमआयडीसीत पावडर कोटिंगच्या शॉपमध्ये मी वीस वर्षं ओव्हनपाशी काढली आहेत आणि गरम हवेतलं मला कळतं असा घरात समज आहे. मी वही घेऊन लिटर, वॅट, किंमत असा तक्ता मांडला. पण रिक्षातल्या त्या वाक्यासाठी त्यात रकानाच नव्हता. तो भरायचा तर पन्नासएक वर्षं मागे जावं लागतं.

आई १९७१मध्ये लग्न होऊन लालबागच्या चाळीत आली. वडील गिरणीत होते. पुढच्याच वर्षी महाराष्ट्रात मोठा दुष्काळ पडला. धान्य, साखर, रॉकेल, तेल सगळंच महागलं आणि दुकानातून गायब होऊ लागलं. १९७२मध्येच मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली. मृणाल गोरे, प्रमिला दंडवते समाजवादी. अहिल्या रांगणेकर, तारा रेड्डी दोन वेगवेगळ्या कम्युनिस्ट पक्षांतल्या. एरवी एकमेकींशी वाद घालणाऱ्या या बाया स्वयंपाकघराच्या प्रश्नावर एकत्र आल्या आणि हजारो बायका हातात लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. म्हणून त्याला लाटणे मोर्चा म्हणतात. ज्यांना मोर्च्याला जाणं शक्य नव्हतं त्यांनी आपापल्या दारात थाळ्या वाजवल्या. आई त्यांतली. सासूबाई आत होत्या, तरी तिने गॅलरीत उभं राहून थाळी वाजवली. आयुष्यात पहिल्यांदा आपण सरकारला काहीतरी बोललो, असं ती अजून सांगते.

त्या काळातली एक पितळी पळी आमच्याकडे आहे. आमटीच्या फोडणीला अर्धी पळी, भाजीला अर्धी पळी, आणि महिनाअखेरीला नुसता तेलाचा हात. पापड निखाऱ्यावर भाजायचा. कढई चढायची ती दिवाळीला, शिमग्याला आणि पितरांच्या वड्यांना. तळणाचं तेल गाळून पुढचे कितीतरी दिवस फोडणीला पुरवायचं. त्या तेलाबद्दल डॉक्टर आज काय म्हणतील ते म्हणोत, तेव्हा ते ओतून देणं हे पाप होतं.

१८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला. वर्षभर वाट पाहून आम्ही चाकणजवळच्या गावी परतलो. मी तेव्हा सहा-सात वर्षांचा. गावात तेल म्हणजे करडईचं किंवा शेंगदाण्याचं. त्याला वास होता, रंग होता आणि तेही मोजूनच मिळायचं. ताडाच्या झाडाचं चित्र असलेला डालडाचा पिवळा डबा १९३७पासून देशात होता, पण आमच्याकडे तो रिकामा झाल्यावर तुळस लावण्यापुरताच यायचा.

मग तेल वाहू लागलं. १९८६मध्ये केंद्र सरकारने तेलबियांचं अभियान सुरू केलं. १९८८मध्ये राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाचं 'धारा' बाजारात आलं. जिलबीच्या ओढीने घरी परतणारा तिच्या जाहिरातीतला तो मुलगा माझ्या वयाच्या सगळ्यांना आठवत असेल. १९९४मध्ये पामतेलाची आयात खुली झाली. आज देशात खाल्लं जाणारं निम्म्याहून अधिक खाद्यतेल बाहेरून येतं, त्यात मोठा वाटा इंडोनेशिया-मलेशियाच्या पामचा. करडईच्या पट्ट्यात वाढलेली माझ्यासारखी माणसं पिशवी फोडून बिनवासाचं, बिनरंगाचं तेल ओतायला लागली.

चाकणही तेव्हाच बदललं. कांद्याच्या बाजाराचं आणि संग्रामदुर्गाच्या पडक्या तटाचं गाव होतं ते. १९९९मध्ये बजाज ऑटोचा कारखाना आला, २००९मध्ये फोक्सवॅगनचा, आणि मग मोजता येऊ नयेत इतके. पाळ्या सुरू झाल्या. प्रत्येक गेटसमोर वड्याची गाडी लागली आणि तिची कढई पहाटेपासून रात्रीपर्यंत उतरेना. सणाची गोष्ट रोजची झाली. घरीही तेच. पहिली पाळी करून मी आलो की आई भजी काढायची. पावसाळा लागत नव्हता, निमित्त लागत नव्हतं. आम्हाला वाटायचं ती लाड करतेय. आता वाटतं, ती चाळीतल्या दहा वर्षांचं उट्टं काढत होती.

यंत्राचा इतिहास मात्र आपल्याकडचा नाही. पंख्याने गरम हवा फिरवून अन्न तापवायचा एक ओव्हन दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास अमेरिकेत विल्यम मॅक्सनने केला होता. विमानात गोठवलेलं जेवण झटपट गरम करायला. आजचं छोटं, टोपलीवालं रूप आलं ते फ्रेड व्हॅन डर वाय या डच माणसाच्या खटपटीतून. ओव्हनमध्ये बटाट्याच्या फ्राइज मनासारख्या होत नाहीत ही त्याची तक्रार होती. २०१०मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात फिलिप्सने ते यंत्र 'एअरफ्रायर' नावाने मांडलं.

म्हणजे हा फ्रायर नव्हे, ओव्हन आहे. आणि आपल्या स्वयंपाकघरात ओव्हन जवळजवळ नव्हताच. चूल, शेगडी, स्टोव्ह, गॅस, सगळ्यांचा जाळ खालून. वरून आच हवी असेल तर कोकणात धोंडसाच्या झाकणावर निखारे ठेवत, आणि नानकटाई करायची तर ट्रे घेऊन बेकरीत जात. आमच्या सोसायटीत ज्यांनी एअर फ्रायर घेतला, त्यांतल्या बहुतेकांच्या घरातला तो पहिला ओव्हन आहे. नाव तळणाचं असल्यामुळे ते त्यांच्या लक्षात आलेलं नाही.

माझ्या मात्र लगेच आलं. आमच्या शॉपमध्ये पावडर मारलेले जॉब हँगरला टांगून ओव्हनमध्ये जातात. १८० ते २०० अंश, दहा-पंधरा मिनिटं. एअर फ्रायरचा काटाही साधारण २००वरच संपतो. आत तेच : हीटर, ब्लोअर, तापमानाचा सेन्सर. आणि नियमही तोच. हवा तेलाच्या मानाने फारच थोडी उष्णता वाहून नेते, म्हणून ती जोरात फिरावी लागते आणि फिरायला तिला जागा लागते. हँगरवर दाटी केली की मधले जॉब कच्चे राहतात. टोपलीत थर लावले की मधले काप मऊ पडतात.

हे कळल्यावर तक्ता सोपा झाला. लिटर बघायचे नाहीत, टोपलीचा तळ बघायचा. खोल टोपली दुकानात मोठी दिसते, पण पदार्थ एका थरातच होतो. पाच माणसांच्या घराला पसरट, चौकोनी तळ बरा. वॅट १४००-१५००, म्हणजे साडेसहा अँपिअरच्या आसपास. त्यामुळे एक्स्टेंशन बोर्डावर नाही, ओट्याजवळच्या मोठ्या सॉकेटवरच. वीस मिनिटं चाललं तर जास्तीत जास्त अर्धा युनिट. मोबाइलवरून चालणारं नको, आईला फिरवता येईल असं बटण हवं. टोपलीवरचा लेप महत्त्वाचा. साठचं दशक संपता संपता औरंगाबादच्या 'निर्लेप'ने आपल्याला न चिकटणाऱ्या तव्याची सवय लावली, तेव्हापासून आपण तो तारेच्या घासणीने खरवडत आलो आहोत. म्हणून टोपली सुटी विकत मिळते का, हे आधी विचारायचं.

घेण्याआधी शेजाऱ्यांचं यंत्र दोन दिवस मागून आणलं. पहिला पापड हवेने उडून वर हीटरला चिकटला. त्यावर जाळी ठेवल्यावर नीट झाला. कांदाभज्यांचं पीठ टोपलीच्या भोकांतून खाली गळलं आणि चाकणच्या कांद्याचा चिखल झाला. चकली कोरडी पडून तडकली. पण उकडलेल्या कोथिंबीरवडीला तेलाचं बोट लावून ठेवलं, तर बारा मिनिटांत कड खुसखुशीत. बटाट्याचे काप, सुरळी करून ठेवलेली अळूवडी, शिळ्या वड्याला पुन्हा जीव आणणं, सगळं जमलं. बाजारातल्या गोठवलेल्या फ्राइजही जमल्या, पण त्या कारखान्यातून एकदा तळूनच येतात, हे मुलीला सांगावं लागलं. आणि बटाटा काळपट भाजला की त्यात अॅक्रिलामाइड तयार होतं, हे २००२मध्ये स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं आहे. तेल नाही म्हणून ते टळत नाही. सोनेरी झाला की काढायचा.

आईने कोथिंबीरवडी खाल्ली. दुसरी घेतली. मग म्हणाली, "चांगली आहे. पण ही भाजलेली आहे. तळलेली म्हणू नका."

आमचा सगळा वाद या एका वाक्यात मिटला. भाजणं, शेकणं, परतणं, तळणं अशा वेगळ्या क्रिया आपल्या भाषेत आहेत आणि आईच्या हातात त्या वेगळ्याच आहेत. ज्याला आम्ही तळणाला पर्याय म्हणून घरात आणत होतो, ते तिला तिची कढई काढून घेणं वाटत होतं. भाजायचं यंत्र म्हणून आणलं असतं, तर तिने तक्रारच केली नसती. निखाऱ्यावरच्या पापडाशी तिचं काय वैर?

पसरट टोपलीचं, दोन बटणांचं यंत्र आम्ही घेतलं. दिवाळीत एक दिवस कढई चढली. चकल्या आईने स्वतः तळल्या, एक खाल्ली आणि उरलेलं तेल कसं संपवायचं हे कुणालाच विचारलं नाही. बाकीचे दिवस यंत्र. काल संध्याकाळी अळूवडीला तेल लावायला मी ब्रश काढला, तर तिने तो बाजूला सारला, पितळी पळी घेतली, अर्धी भरली आणि पाचजणांच्या वड्यांवर पुरवली.

थोडं तेल पळीत उरलंसुद्धा. ते तिने परत बरणीत ओतलं.