रॉकेटची मोळी आणि मोबुटूची जमीन

खासगी रॉकेट म्हटलं की आज सगळ्यांच्या डोळ्यांपुढे अमेरिका येते. आम्ही मात्र आज तुम्हाला झाईरला, म्हणजे आजच्या काँगोत, नेणार आहोत.

१९७५ साली लुट्झ कायझर या जर्मन अभियंत्याने ‘ओट्राग’ ही कंपनी काढली. त्याचा प्रश्न साधा होता : रॉकेट इतकं महाग का? तर त्याचा प्रत्येक भाग खास घडवावा लागतो म्हणून. मग एकसारख्या नळ्यांचे सुटे घटक करायचे आणि उसाच्या मोळीसारखे एकत्र बांधायचे. उपग्रह जड असेल तर मोळी मोठी, हलका असेल तर लहान. पंप नाहीत, दाबलेल्या हवेनेच इंधन आणि नायट्रिक आम्ल ज्वलनकक्षात ढकलायचं. आणि झडपा फिरवायला मोटार कुठली, तर मोटारगाडीच्या काचेवरचा वायपर हलवते ती! कंपनीच्या शीर्षस्थानी कुर्ट डेबुस होते. हिटलरच्या काळात व्ही-२ अस्त्रावर आणि पुढे नासाच्या केनेडी केंद्रात काम केलेला हा माणूस.

आता जागा. हुकूमशहा मोबुटूने शाबा प्रांतातला सुमारे एक लाख चौरस किलोमीटर प्रदेश कंपनीला देऊन टाकला. महाराष्ट्राचा जवळजवळ तिसरा हिस्सा म्हणा ना! तिथल्या माणसांना हलवण्याची तरतूदही करारात होती. त्या माणसांना कुणी विचारलं? इतिहासात रॉकेटचा आराखडा सापडतो, त्यांचा आवाज सापडत नाही.

१७ मे १९७७ रोजी पहिलं रॉकेट उडालं. ५ जून १९७८ रोजी तिसरं, खुद्द मोबुटूसमोर, कोसळलं. तोवर सोव्हिएत संघाने ‘हे उपग्रहांसाठी नाही, क्षेपणास्त्रांसाठी आहे’ अशी ओरड सुरू केली होती. १९७९ मध्ये झाईरने काम थांबवायला लावलं. कंपनी पुढे गेली कुठे? गद्दाफीच्या लिबियात! संशय वाढणारच होता.

आम्ही तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी, म्हणून विचारतो : रॉकेटचा हेतू रॉकेटमध्ये असतो का? नळी तीच, टोकाला उपग्रह ठेवा नाहीतर बॉम्ब. हेतू ठरतो तो ते कुणाच्या हाती, कुणाच्या जमिनीवर आणि कुणाला जबाबदार आहे यावरून. १९६७ च्या अंतराळ कराराचं सहावं कलम हेच सांगतं : बिगर-सरकारी संस्थेच्या अंतराळातल्या कामालाही तिचं राष्ट्रच जबाबदार. म्हणजे पूर्णपणे खासगी आकाश असं काही नसतंच.

१८ नोव्हेंबर २०२२ रोजी हैदराबादच्या स्कायरूट कंपनीचं ‘विक्रम-एस’ श्रीहरिकोट्याहून झेपावलं. भारतातलं हे पहिलं खासगी रॉकेट. आनंद आम्हालाही झाला. ते सरकारी तळावरून, सरकारच्या परवानगीने गेलं, याला काही जण उणेपणा मानतील. ओट्रागची गोष्ट ऐकल्यावर आम्हाला तीच जमेची बाजू वाटते. परवानगी देणाऱ्याला निदान जाब तरी विचारता येतो. मात्र तो विचारत राहणं हे आपलं काम आहे, बरं का!